खिडकी बंद, आकडा हिरवा

४ जानेवारी, सकाळ

नवी वही. या वर्षी संकल्प एकच, पण तडीस नेणार: हिचा खोकला घालवायचा. (मागच्या वर्षीच्या संकल्पांची वही माळ्यावर आहे. तिथे ती सुखी आहे.)

नोंदीसाठी परिस्थिती: खोकला कोरडा, ऑक्टोबरपासून. मागच्या खोलीत बसली की जास्त. मागच्या खोलीत ही अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. शाळेतून रिटायर झाल्यापासून हेच वेड. सध्या एक उशीएवढी जाड कादंबरी हातात आहे. एक वाक्य वाचते, खोकते, थांबते, परत पहिल्यापासून वाचते. दाराबाहेरून ऐकताना आपलाच घसा खवखवतो.

कारण शोधायला लांब जायला नको. आमच्या बरोबर खाली बेकरी आहे.

५ जानेवारी

उपाय ठरला. हवा शुद्ध करणारं यंत्र. पण विकतचं नाही. सगळी हयात पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून घालवलेल्या माणसाने पंखा आणि जाळी विकत आणायची, म्हणजे शिंप्याने शर्टाचं बटण लावायला बाहेर देण्यासारखं. स्वतः डिझाइन करणार. नाव: प्राणवायू, मार्क १.

सगळे भाग घरीच, थ्रीडी प्रिंटरवर. प्लॅस्टिकची तार मशीनमध्ये जाते, तापून वितळते, आणि मशीन थरावर थर घालत वस्तू उभी करतं. बघत बसावं असं काम. ऑक्टोबरात आणल्यापासून साबणाची डबी, ब्रशांचा स्टँड आणि फोनचा स्टँड (मोडला) एवढं उत्पादन झालं. ही विचारायची, एवढ्यासाठी एवढं मोठं धूड? आता मिळेल उत्तर.

मशीन मागच्याच खोलीत आहे. दहा ते एक तिचं रेकॉर्डिंग, तेव्हा मशीन बंद. घरघर माइकमध्ये येते म्हणते. उरलेला वेळ खोली माझी. एक खोली, दोन कलावंत, भांडण नाही.

९ जानेवारी

हवा मोजायचं मीटर मागवलं होतं, आलं. मुठीत मावतं. हवा चांगली असेल तर आकडा हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल.

मागच्या खोलीत ठेवलं. हिरवा. मशीन चालू करून बघितलं. हिरवा. मशीनच्या तोंडाशी धरलं. तरी हिरवा. म्हणजे मशीन निर्दोष. शास्त्र आहे, माझं मत नव्हे.

मग पाव आणायच्या निमित्ताने खाली गेलो आणि मीटर हळूच काउंटरवर ठेवलं. बेकरीवाला पिठाची रिकामी पोती झटकत होता. आकडा लालभडक. फोटो काढला. हे काय म्हणून त्याने विचारलं. घड्याळ आहे म्हटलं. म्हणाला, काका, छान आहे, पण वेळ चुकीची दाखवतंय.

पाव मऊ होता. ते नाकारण्यात अर्थ नाही.

१२ जानेवारी

मार्क १ ची चौकट वाया. चारही कोपरे पापडासारखे उचलले गेले. कारण कळलं: प्लॅस्टिक निवताना वाऱ्याची झुळूक लागली की ते आकसतं. मशीनबरोबरच्या कागदात लिहिलंय, झुळूक लागू देऊ नका. आणि त्याच पानावर, मशीन हवेशीर जागेत वापरा. या कंपनीवाल्यांनी आधी आपापसांत एकमत करावं, मग गिऱ्हाइकाला शिकवावं.

मागच्या खोलीची खिडकी बंद केली.

हिने विचारलं, खिडकी का लावली? मी म्हटलं, बेकरीची घाण वर येते ना, तुझ्यासाठीच. ती म्हणाली, अहो, किती जपता मला. आणि हसली. तिला बरं वाटलं. मला जरा कसंसं झालं. पण बेकरीची हवा वर येतेच. म्हणजे बोललो ते खरंच होतं. फक्त ते दुसरं कारण होतं, पहिलं नव्हे.

१५ जानेवारी

खिडकीच्या फटींना रबरी पट्टी. दारालाही. हिला वाटतं रस्त्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून. वाटू दे. चौकटीचे कोपरे आता काटकोनात आहेत. हात फिरवून बघितले. कारखान्यातसुद्धा एवढं समाधान क्वचित मिळालं.

खोलीत गेलं की तापल्या प्लॅस्टिकचा गोडसर वास येतो. दोन मिनिटांत नाकाला सवय होते. मीटर हिरवा.

१९ जानेवारी, दुपारी

पालिकेकडे बेकरीविरुद्ध अर्ज. निनावी. शेजारधर्म सांभाळायला हवा.

नुसत्या शब्दांनी सरकारी माणूस हलत नाही, म्हणून चित्र जोडलं. बेकरीच्या धुराड्याचं समोरून आणि बाजूने दृश्य, आमच्या खिडकीपासूनचं अंतर, सगळी मापं बाणांसकट. कोपऱ्यात चौकट आखून प्रमाण, दिनांक. आरेखकाचं नाव ही जागा तेवढी रिकामी. पट्टीने आखलं, पेनने अक्षरं काढली. चित्र इतकं देखणं झालं की पाठवताना जीवावर आलं.

२४ जानेवारी

मशीनचं नोझल, वितळलेलं प्लॅस्टिक बाहेर पडतं ते तोंड, चोंदलं. सुई, तार, फुंकर, सगळं करून झालं. नवीन मागवलं. तोवर हात बांधलेले. चिडचिड.

२८ जानेवारी

नोझल नाही. कुरियरवाल्याला फोन केला की तो म्हणतो, निघालंय. निघून पोचायचं कुठे ते त्याला माहीत नसावं.

ही मात्र मजेत आहे. या आठवड्यात कादंबरीची पाच प्रकरणं वाचून झाली. खोकला नाहीसारखाच. काल जेवताना नायिकेच्या सासूचा आवाज काढून दाखवला आणि स्वतःच हसत सुटली. हसताना ठसका लागला नाही हे माझ्या लक्षात आलं.

खाली बेकरी तर चालूच आहे. हे जरा कोड्यात टाकणारं. वाऱ्याची दिशा बदलली असणार.

३० जानेवारी

नोझल आलं! दुपारपासून मशीन सुरू. पंख्याची पाती उत्तम.

१ फेब्रुवारी

खोकला परत. वारा फिरला असावा.

गच्चीत जाऊन बघितलं. दोरीवरचा टॉवेल सरळ लोंबत होता.

याच्यापुढे एक वाक्य मनात आलं होतं. ते लिहीत नाही. डोकं दुखतंय.

४ फेब्रुवारी

ग्रंथालयातून फोन. हिची रेकॉर्डिंग नेहमी ऐकणाऱ्या एका आजोबांनी तिथे चौकशी केली म्हणे, बाई बऱ्या आहेत ना? पूर्वी लांब वाक्य एका दमात वाचायच्या. हल्ली मध्ये श्वास घेतात. घेतात तो हळूच घेतात, पण ऐकू येतो.

फोन ठेवून ही म्हणाली, खोकले तर मी सगळे कापून टाकते, श्वास कसा कापणार?

मी म्हटलं, चहा टाकू का?

७ फेब्रुवारी

छातीच्या डॉक्टरकडे. तरतरीत बाई. हिला एका नळीत जोरात फुंकर मारायला लावली. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा कशीबशी जमली. आकडा वयाच्या मानाने कमी. मशीनमधून कागद बाहेर येत होता तेव्हा हिने माझा हात धरला होता. तिचा तळवा गार होता.

डॉक्टर म्हणाल्या, हवेतली धूळ म्हणजे दिसते तेवढीच नव्हे. केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा इतके बारीक कणही असतात. मोठी धूळ नाकात, घशात अडकते. हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथली सूज वाढवतात, काही तर पुढे रक्तात उतरतात. हृदयालाही ते मानवत नाहीत. मी माझ्या मीटरबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या खेळण्याला हे कण दिसतच नाहीत. लाखांनी असले तरी त्यांचं वजन नगण्य. आकडा हिरवाच राहणार.

हे ऐकताना माझे कान गरम झाले.

मग विचारलं, असे कण काहीही तापवलं की निघतात, इंजीन, भट्टी, शेगडी, तापणारी यंत्रं. घरात तापणारं मशीन आहे का काही? प्रश्न हिला होता. उत्तर मी दिलं. म्हटलं, इस्त्री आहे.

इस्त्री आहेच घरात. खोटं बोललो नाही.

त्या म्हणाल्या, लगेच एकावरच खापर फोडता येणार नाही, पण रोज आत काय जातंय ते आधी शोधा. औषध त्यानंतरचं. पंप दिला. कारखान्यातला नव्हे, तोंडात मारायचा. हा विनोद येताना केला. ही हसली नाही.

८ फेब्रुवारी, सकाळ

निर्णय: मशीन बंद. कायमचं. एखाद्या वस्तूपेक्षा माणूस मोठं. हे लिहिताना फार हलकं वाटतंय.

हिला सांगायचं का? कशाला. बंदच केलंय ना. उगीच जुनं उकरून तिला त्रास.

९ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. कण बारीक आहेत, म्हणजे जाळी बारीक हवी. मार्क १ ची जाळी चुकीचीच होती. डॉक्टरांनी नकळत माझं डिझाइन सुधारून दिलं. मार्क २ ला दुहेरी जाळी. ते एकदा झालं की मशीनमधून निघालेलं ते शोषून घेईल. म्हणजे यंत्र पुरं करणं हाच मशीनवरचा उपाय, आणि त्यासाठी मशीन चालवणं भाग आहे.

फक्त दुपारी. फक्त महत्त्वाचे भाग.

१० फेब्रुवारी

दुपारी आणि संध्याकाळी.

१२ फेब्रुवारी

पालिकेचा माणूस खाली आला. गॅलरीत कपडे वाळत घालत उभा राहिलो, कपडे नव्हते तरी. बेकरीवाल्याला सांगून गेला, धुराडं उंच करेपर्यंत मोठी भट्टी बंद. हातात माझं चित्र होतं. सगळी मापं बरोबर निघाली म्हणे.

संध्याकाळी बेकरीवाला वर आला. मला वाटलं भांडायला. बनचा ट्रे घेऊन आला होता. म्हणाला, ताईंसाठी, छोट्या भट्टीतले आहेत, जरा कडक झालेत. ही त्याला या-बसा करत होती आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर अजून बन खाल्लाही नव्हता.

१४ फेब्रुवारी

मोठी भट्टी थंड. खोकला तसाच. आता बेकरीचंही नाव घ्यायची सोय राहिली नाही.

१५ फेब्रुवारी

पोरीचा फोन. ती परगावी कॉलेजात हवेवरच संशोधन करते. आईची हकीकत तिला कळली. शनिवारी कण मोजायचं यंत्र घेऊन येते म्हणाली. मीटरसारखं वजन करत नाही, एकेक कण मोजतं. प्रयोगशाळेतून दोन दिवसांसाठी मिळवलंय. स्वयंपाकघर, हॉल, गॅलरी, मागची खोली, सगळं मोजणार.

मी म्हटलं, अरे वा.

फोन ठेवल्यावर मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सगळं लिहायला हवं. वाचणारं दुसरं कोणी नाही.

मशीन काल सकाळपासून बंद ठेवलं. आज ही उठायच्या आत उठलो. मागच्या खोलीच्या खिडकीच्या रबरी पट्ट्या सोलल्या. खिडकी सताड उघडली, दार उघडलं, पंखा पाचवर. मशीनवर चादर घातली, धूळ बसू नये म्हणून.

खोली जशी असायला हवी तशी दाखवणं यात गैर काय? पाहुणे येणार म्हटल्यावर आपण केर काढतोच.

पोरगी आली. यंत्र बॅगेएवढं. आत स्पिरिट घालावं लागतं. त्याची वाफ कणांवर बसते, कण फुगतात, मग ते मोजता येतात. पोरगी समजावून सांगत होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी तिने लवकर परत जावं असंही वाटत होतं.

हॉल: साधारण. गॅलरी: जरा जास्त, रस्ता आहे. मागची खोली: घरात सगळ्यांत कमी. पोरीने चादरीकडे बोट दाखवून विचारलं, बाबा, हे चालतं का? म्हटलं, कधीतरी, साबणाच्या डब्या. ती हसली.

मग स्वयंपाकघर. हिने गॅस पेटवला आणि आकडा भराभर चढला. तवा ठेवल्यावर तर थांबेचना.

ही गॅसपाशी उभी राहून आकड्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. चांगलं निवांत बघितलं. आणि म्हणाली, म्हणजे माझ्या स्वयंपाकानेच झालं म्हणायचं.

मी तवा उतरवला.

१८ फेब्रुवारी

पोरगी गेली. आईला सांगून गेली, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेव, तळण बंद, भाजणं कमी.

ही माझ्या जेवणापायी आजारी पडली असं घरात ठरलंय. आणि ठरू दिलं मी. हे वाक्य लिहून वही मिटली होती. परत उघडली, कारण उपाय सुचला: उद्यापासून स्वयंपाक माझ्याकडे. तिने शेगडीजवळ फिरकायचंसुद्धा नाही. मन एकदम हलकं झालं.

१९ फेब्रुवारी

वरण करपलं. भात गिचका. ही काही न बोलता जेवली. कांदा चिरताना डोळ्यांतून जे पाणी आलं ते सगळंच कांद्याचं नव्हतं. पण सोय अशी की विचारायला कोणी येत नाही.

दुपारी मार्क २ चा पंखा. खिडकीच्या पट्ट्या परत लावल्या. कोपरे उचलायला लागले होते.

२२ फेब्रुवारी

आज भेंडी. चिकट गोळा झाला. ही म्हणाली, चव चांगली आहे. इतकी चांगली बाई आणि तिच्याशी मी हे असं. उद्या सांगतो.

२३ फेब्रुवारी

आज तिचं डोकं दुखत होतं. अशा वेळी सांगणं बरं नव्हे.

२४ फेब्रुवारी

आज तिचं डोकं दुखत नव्हतं. खुशीत होती. अशा वेळी सांगणं तर मुळीच बरं नव्हे.

२७ फेब्रुवारी

हिने ग्रंथालयाला फोन केला. कादंबरी दुसऱ्या कोणाला द्या म्हणाली, मला नाही पुरी होणार. पलीकडची बाई काहीतरी समजावत असावी. ही म्हणाली, आजोबांना सांगा, आवाज बदलला तरी गोष्ट तीच आहे. मग मागच्या खोलीत जाऊन माइक सोडवून पिशवीत भरत बसली. वायर गुंडाळताना खोकत होती. मशीन दोन हातांवर. काम झाल्यावर चादर परत घातलेली होती.

दारात उभा राहिलो. एक वाक्य तर होतं: तुझ्या स्वयंपाकाने नाही. तीन शब्द. कारखान्यात मॅनेजरला तोंडावर चुका सांगितल्यात मी.

ही म्हणाली, बाजूला व्हा जरा, ट्रे परत द्यायचाय खाली.

बाजूला झालो.

१ मार्च

अघटित. ट्रे द्यायला गेली तेव्हा बेकरीवाल्याने पिशवीत काय म्हणून विचारलं. हिने सगळं सांगितलं. त्याच्या मागच्या अंगणापलीकडे एक खोली आहे, केकची रिकामी खोकी ठेवायची. छतापर्यंत पुठ्ठा. आवाज जरासुद्धा घुमत नाही. भट्टीपासून लांब, खिडकीत सावलीचं झाड. म्हणाला, ताई, दोन दिवस बसून तर बघा, नाहीतरी मोठी भट्टी बंद आहे, खोक्यांना काम नाही.

मोठी भट्टी का बंद आहे ते मला माहीत आहे. त्यालाही कळलं असेल का, असा एक विचार येऊन गेला. कसा कळणार. निनावी होतं.

३ मार्च

ती रोज सकाळी खाली जाते. खोकला नाही. काल एका बैठकीत तीन प्रकरणं. ग्रंथालयाला फोन करून पुस्तक परत मागून घेतलं.

म्हणजे जिथून विष येतं असं मी पालिकेला आराखड्यासकट लिहून दिलं, तिथे बसून माझी बायको बरी होते आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी मापं घालून काढलं, प्रमाण टाकून.

५ मार्च, दुपारी

प्राणवायू मार्क २ तयार. चौकट, पंखा, दुहेरी जाळी, झाकण, सगळं चपखल. मागच्या खोलीत टेबलावर ठेवून सुरू केलं. मंद सुंदर आवाज. मीटर हिरवा.

तासभर समोर बसलो. खोलीत श्वास घेणारा मी एकटाच. मला कुठे खोकला होता?

८ मार्च

आज सांगायचंच. वाक्य पाठ केलं. खाली गेलो. खोक्यांच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून हिचा आवाज. बेकरीवाल्याने खुणेने थांबवलं, स्टूल दिलं. मी बाहेर बसलो आणि ती वाचत होती. एक लांबलचक वाक्य आलं, नदीच्या काठाने चालत जाणाऱ्या माणसाबद्दल, अर्धविरामावर अर्धविराम. ती ते एका दमात वाचून गेली. शेवटपर्यंत माझाच श्वास अडकला होता.

बेकरीवाला शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, काका, धुराड्याचं चित्र फार झकास होतं. मी म्हटलं, कुठलं चित्र? तो म्हणाला, पालिकेचा माणूस दाखवून गेला. आणि वर बोट केलं. वर, मागच्या दारावरही, त्याच्या दुकानाची पाटी. ती मीच रंगवून दिली होती त्याला, दुकान उघडलं तेव्हा, हौसेने. तीच सुटी, उभी, ड्रॉइंगमधली अक्षरं. तसं अक्षर या रस्त्यावर दुसऱ्या कोणाचं नाही.

म्हणाला, रागावलो होतो. पण धुराडं उंच करायचंच होतं, तुमच्या मापांचा उपयोग झाला. ताईंना बोललो नाही मी. ते तुम्ही बोला.

याच्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दार उघडलं. ही बाहेर आली, मला बघितलं. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. म्हटलं, तुझ्या स्वयंपाकाने नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

म्हणाली, त्या शनिवारी मी जागी होते. तुम्ही खिडकीच्या पट्ट्या सोलत होता ते दारातून बघितलं. ज्याला काही ठाऊक नसतं तो माणूस पट्ट्या कशाला सोलेल? पोरीसमोर तुमची शोभा नको म्हणून गप्प बसले. मुद्दाम स्वयंपाकाचं नाव घेतलं. म्हटलं, आता तरी बोलाल. तुम्ही दुसऱ्या दिवशी कांदा चिरायला बसलात.

मी विचारलं, मग तूच का नाही बोललीस? ती म्हणाली, खोकला काय, जाईल. मला बघायचं होतं, मी खोकतेय हे ऐकत तुम्ही किती दिवस गप्प राहू शकता.

मग बेकरीवाल्याने हाक मारली. तिच्यासाठी पाणी ठेवलं होतं.

९ मार्च

खिडकीच्या पट्ट्या काढल्या, या वेळी दिवसाउजेडी, ती घरात असताना. मशीन जिन्यात नेऊन ठेवलं, विकायला जाहिरात दिली. मार्क २ मोडीत. पालिकेला दुसरा अर्ज लिहिला, नाव-पत्त्यासकट: आधीच्या अर्जातलं दृश्य बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा होता. पोरीलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईकडे द्या.

१३ मार्च

मागच्या खोलीची खिडकी चार दिवस उघडी आहे. टेबल पुसलं. माइकसाठी जागा केली. भिंतीला जुनी गोधडी टांगली, आवाज घुमू नये म्हणून. खिळे ठोकताना एकही थर, एकही जाळी, एकही सुधारणा सुचली नाही.

संध्याकाळी हिला विचारलं, वर येतेस का आता वाचायला? ती म्हणाली, हे पुस्तक संपू दे आधी, मग बघू.

किती प्रकरणं उरलीत, ते विचारायचा धीर झाला नाही. भात टाकला. आज गिचका झाला नाही, पण ती जेवून वाचनाची तयारी करायला लगेच उठली, तेव्हा भाताचं सांगायचं राहून गेलं.